अक्षतांचा नियम

आमच्या मालिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एखादी जोडी धरायची की नाही, याचा एकच नियम होता. अक्षता पडल्या पाहिजेत. पडद्यावर, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रोमोत पडलेल्या चालत नाहीत. नायिकेच्या स्वप्नात पडलेल्या तर मुळीच नाहीत. आणि मंगलाष्टकं चालू असताना मांडवाच्या दारातून कुणी "थांबा!" म्हणून ओरडलं, तर तोपर्यंतचं सगळं रद्द. मग वधूने हातात हार धरलेला असो नाहीतर शालू नेसून रडून झालेलं असो, जोडी धरायची नाही.

हा नियम ग्रुपच्या ॲडमिनबाईंनी केला होता. घोटीला त्यांच्या घरचा तांदळाचा व्यापार. तांदळात जन्म गेलेल्या बाईला अक्षतांशिवाय दुसरं काय सुचणार, असं मी एकदा ग्रुपवर लिहिलं, तर बाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. बाकी सगळ्यांच्या मेसेजला अंगठे आणि माझ्या मेसेजला काही नाही. मी काय कमी आहे? मीही त्यांच्या वाढदिवसाला नुसता केक टाकला, शब्द एक लिहिला नाही.

मालिकांचं ज्यांना वावडं आहे त्यांच्यासाठी सांगते. आमची ही मालिका संध्याकाळी साडेसातला लागायची. नायिका खानावळ चालवणारी. एकीकडे बंगलेवाला, ज्याच्याशी तिचा साखरपुडा झालेला. दुसरीकडे समोरच्या दवाखान्यातला डॉक्टर. तो दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायचा आणि भाजी छान झालीय याच्यापुढे त्याची गाडी कधी गेली नाही. त्यामुळे ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्या, बंगला आणि दवाखाना. मी दवाखाना. कट्टर.

बंगलापार्टीकडे पुरावे भक्कम होते, ते मला नाकारता येत नाही. शीर्षकगीतात तिचा हात त्याच्या हातात. पोस्टरवर तो. साखरपुडा तर आठवडाभर चालला होता. आमच्याकडे काय होतं? शितावरून भाताची परीक्षा. एका भागात डॉक्टर जेवता जेवता उठतो आणि खानावळीच्या फळीवरून मिठाचा डबा काढतो. कुणाला न विचारता. हात बरोबर तिथेच जातो. कॅमेरासुद्धा तिकडे नीट नव्हता, पण माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी तेवढाच तुकडा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ज्याला मीठ कुठे ठेवलंय ते माहीत असतं, तो घरचा. बाकीच्यांना वाढावं लागतं.'

झालं! नामपूरच्या एक वहिनी एरवी फक्त शुभ सकाळची फुलं पाठवायच्या. त्यांनी आपल्या अहिराणीत, आपल्या आवाजात रेकॉर्ड करून टाकलं, "तो डॉक्टर तिनाच शे!" बंगलापार्टी चवताळली. एकीने लिहिलं, मीठ कुठे आहे ते आमच्या भांडीवाल्या मावशींनाही माहीत आहे, मग काय त्यांच्याशी लावायचं का लग्न? भांडण तीन दिवस पुरलं. मला इतकी मजा ऑफिसात अख्ख्या नोकरीत आली नसेल.

आता मी कोण, तेही सांगायला हवं. मी नाशिक रोडला एका सोसायटीत राहते, एकटी. लग्न केलं नाही. का, ते उगाळत बसत नाही. धाकट्यांची होईपर्यंत माझं राहून गेलं, इतकंच. एका सरकारी कचेरीत नोकरी केली. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर जे बसायचे, ते निवृत्त झाल्यावर माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायला आले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. मी त्यांना साहेब म्हणायचे. साहेब वगैरे काही नव्हते ते, माझ्यासारखेच कारकून. एकदा चिडवायला म्हटलं आणि तेच कायमचं झालं. ते मला बाई म्हणायचे.

साडेसातला ते खाली यायचे. माझं लाकडी दार सताड उघडं असायचं, फक्त जाळीचं दार लावलेलं. असं करायचं हे आम्ही बोलून ठरवलं नव्हतं. जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं, की दोन वयस्कर माणसं टीव्ही बघतायत, बाकी काही नाही. जाळीला भोकं होती, डास यायचे, पंखा फुल्ल करून आम्ही चावून घ्यायचो, पण दार लावायचो नाही. साहेबांना मालिकेत काडीचा रस नव्हता. हाताला काम लागायचं म्हणून गवार मोडत बसायचे, नाहीतर मटार सोलायचे, आणि रोज न चुकता विचारायचे, "हा कोण?"

"अहो साहेब, बंगलेवाला! कालच सांगितलं."

"मग काल जो होता तो?"

"तो डॉक्टर. आपला."

"आपला का?" असं विचारून माझ्याकडे बघायचे आणि मटाराचे दाणे वाटीत टाकायचे. माझा रक्तदाब कशाने वाढतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

वीस वर्षांत त्यांनी माझं काय काय केलं याची मी कधी मोजदाद केली नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्रपाळ्या वाटून घेतल्या. गॅस संपला की माझ्या आधी त्यांना कळायचं. त्यांच्या गोळ्या मी आणायचे, कारण ते हिरवं पाकीट आणि निळं पाकीट यांत गोंधळ करायचे. रविवारी भाजी बाजारात बरोबर जायचो, दोन हात अंतर ठेवून. सोसायटीत कुणी काही म्हणालं नाही. म्हणजे तोंडावर म्हणालं नाही.

मग त्या मालिकेच्या लेखकाची कुठेतरी मुलाखत आली. त्यात तो म्हणाला, जोडी कुठली ते प्रेक्षकांनी ठरवावं. ग्रुप पेटला. ॲडमिनबाई म्हणाल्या, मुलाखत धरायची नाही, अक्षतांचा नियम आहे तो आहे. आणि त्या रविवारी सकाळी मी जे लिहायला बसले ते बारा वाजेपर्यंत लिहितच होते. अजून तोंडपाठ आहे मला. 'हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही दोघं रोज एकमेकांसाठी थांबतात, एकमेकांचं पथ्यपाणी जाणतात, एक आजारी पडला तर दुसऱ्याला घास जात नाही. याहून वेगळं लग्न काय असतं? लग्न ही लोकांना दाखवायची पावती. ज्यांचं मनाने झालेलंच आहे त्यांना पावतीची काय गरज? उद्या लेखकाने यांचं लग्न लावलंच, तर मी म्हणेन, त्याचाच आपल्या जोडीवर विश्वास नव्हता.'

बायका रडल्या हो! खरंच रडल्या. बंगलापार्टीतल्या चौघीजणी फुटून आमच्याकडे आल्या. शेवटी मतदान घेतलं आणि दवाखाना जिंकला. ॲडमिनबाईंनी लिहिलं, 'अक्षतांशिवाय मान्य. अपवाद म्हणून.' घोटीच्या त्या बाईकडून अपवाद मिळवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. मी दिवसभर घरात गाणं म्हणत फिरत होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. एका संध्याकाळी भाग संपला, बातम्या लागल्या. साहेब एरवी बातम्या लागल्या की उठायचे, त्या दिवशी उठले नाहीत. टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतःच बारीक केला.

"बाई, एक विचारायचं होतं. आपण रजिस्टर लग्न करून टाकू या का?"

मी म्हटलं, "काय?"

"कार्यक्रम वगैरे काही नको. तीन साक्षीदार लागतात, ते ऑफिसातले येतील. मुलाला मी सांगेन. अजून बोललो नाही त्याच्याशी, आधी तुम्हाला विचारतोय."

इतकं सरळ. आडून नाही, पाडून नाही. वीस वर्षांत हा माणूस एका दमात इतकं बोलला नव्हता. आणि मी काय केलं? मी हसले. लाजून नाही, जिंकलेल्या माणसासारखी हसले. म्हटलं, "अहो साहेब, परवाच तर मी अख्ख्या ग्रुपला पटवलंय, की खऱ्या जोडीला लग्नाची गरज नसते." आणि फोन काढून त्यांना ते सगळं वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पावतीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. जाळीला एक पाल चिकटली होती, तिच्याकडे बघत होते.

"ती मालिका आहे, बाई," ते म्हणाले.

"म्हणूनच तर! तिथेसुद्धा गरज नाही, मग इथे कशाला? आपल्याला काय कमी आहे?"

"बरं," ते म्हणाले. मग उद्या दूध एक पिशवी सांगू की दोन, ते विचारून वर गेले.

मला त्या वेळी वाटलं होतं की याहून मोठं काही मी त्यांना म्हणूच शकले नसते. आपलं नातं लग्नाच्या पलीकडचं आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं. आता विचार केला की अंगावर काटा येतो. ते बिचारे जमिनीवर उभे राहून विचारत होते आणि मी उंटावरून शेळ्या हाकत होते. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. या वयात लग्न, सोसायटीतल्या बायका काय म्हणतील, भाऊ काय म्हणेल, त्यांची सून मला काय म्हणून हाक मारेल. पण ती भीती मी स्वतःलाही दिसू दिली नाही. तत्त्व हाताशी होतं ना, तेच पुढे केलं. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला नेहमीसारखे आले, दोडके घेऊन.

पुढे दीडेक वर्षाने, थंडीत, ते एका सकाळी बाथरूममध्ये पडले. वरून आवाज आला तो मीच ऐकला. किल्ली माझ्याकडे होती. शेजारच्या पोरांनी उचलून खाली आणलं, आम्ही दवाखान्यात नेलं. तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात लुळा. माझा पदर त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरला होता, तो सोडवून त्यांना आत नेलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी सांगितल्या. कशाची ॲलर्जी आहे, सांगितलं. आधी कधी चक्कर आली होती, दात कुठला पडलाय, कालच्या रात्री काय खाल्लं, सगळं धडाधडा सांगितलं. ती लिहीत गेली. मग तिने वर बघितलं. "पेशंटच्या कोण तुम्ही? मिसेस का?"

"नाही."

"बहीण?"

"नाही."

"मग?"

मी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली. ग्रुपवर बारा वाजेपर्यंत लिहिणारी मी! पाठीमागे रांग होती, एक बाप्या घाई करत होता. म्हटलं, "शेजारी."

"मग घरच्यांना बोलवा ना मॅडम. आत फक्त घरचे." ती उद्धट नव्हती. तिचा तरी काय दोष? मी बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसले. मुलगा पुण्याहून आला, तो थेट आत गेला, आणि बाहेर येऊन माझ्या पाया पडला. "काकू, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. तुम्ही आता घरी जा, दमला असाल." इतका गुणी मुलगा. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मग स्वतःच्या.

पंधरवड्याने तो त्यांना पुण्याला घेऊन गेला. मला विचारलं नाही, का विचारावं? वरचं घर बंद झालं. साडेसातला मी दार उघडं ठेवून बसायचे, काही दिवस. मग लावायला लागले.

मालिकाही आटोपत आली होती. बघणारे कमी झाले म्हणे, म्हणून वाहिनीने घाईघाईत बंद करायची ठरवली, आणि शेवटच्या आठवड्यात लेखकाने काय केलं असेल? डॉक्टरचं आणि तिचं लग्न. मंगलाष्टकं, आंतरपाट, अक्षता, सगळं. कुणी "थांबा" म्हणालं नाही. ग्रुपवर नुसती दिवाळी. ॲडमिनबाईंनी घरच्या तांदळाच्या अक्षता करून ताटाचा फोटो टाकला आणि लिहिलं, 'ताई, घोडं गंगेत न्हालं एकदाचं! आता तर झालं ना मनासारखं? आता अपवादसुद्धा नको.' बंगलापार्टीनेही अभिनंदन केलं. सगळ्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या, कारण लग्न लावलं तर लेखकाचा विश्वास नव्हता असं मीच म्हटलं होतं. मी लिहिलं, 'बरं केलं त्याने.' खाली कुणीतरी हसण्याचे चेहरे टाकले. मी फोन उलटा ठेवला आणि मोठ्याने रडले. कागदावरच्या डॉक्टरला कळलं ते मला कळलं नव्हतं.

उन्हाळ्यात मी पुण्याला गेले. मुलाला फोन केला तर म्हणाला, "या ना काकू, बाबांना बरं वाटेल." सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, सगळा रस्ता मी मनात एकच घोकत होते, की आज सांगायचं. मुलाला, सुनेला, जे असतील त्यांना. की तुमच्या बाबांनी मला विचारलं होतं, आणि मला आता हो म्हणायचंय. म्हणतील म्हातारीला चळ लागलाय, तर म्हणू देत.

सुनेने दार उघडलं. चांगली मुलगी आहे. आत जाण्याआधी तिने हळूच सांगितलं, "काकू, बाबांना बोलायला शिकवायला एक मॅडम येतात. त्या म्हणाल्यात, त्यांच्या वतीने कुणी बोलायचं नाही. शब्द यायला वेळ लागतो, पण येतो. आपण फक्त थांबायचं."

साहेब खुर्चीत बसले होते. वाळले होते. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा एकीकडूनच हसला. डावा हात उचलला. मी समोर बसले. सुनेची आई आलेली होती, बोलक्या बाई. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि साहेबांना लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "व्याहीबुवा, कोण आल्यात ह्या? तुमच्या कोण? सांगा बघू."

साहेबांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मुलगा फोन ठेवून उभा राहिला. सून दारातच थांबली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते फक्त माझ्याकडे. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. घशातून काहीतरी वर येत होतं, जिभेपर्यंत आलं होतं, मला दिसत होतं. कपाळावर घाम आला त्यांच्या. मी आयुष्यात इतकी घाबरले नाही. शब्द आला तर काय होईल, आणि आला नाही तर काय होईल, दोन्हीची भीती. त्या बाई बघत होत्या. मला ते सहन झालं नाही.

"मी शेजारी राहते यांच्या," मी म्हटलं. "नाशिकला."

"अहो काकू!" सून म्हणाली. "येत होतं त्यांना. थांबायचं होतं ना."

साहेबांनी तोंड मिटलं. माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीकडे बघायला लागले. सुनेने नंतर पुन्हा विचारून पाहिलं, चहाच्या वेळी आणि मी निघताना. त्यांनी मान हलवली फक्त. जे बोलायला मी गेले होते, ते मी कुणालाच बोलले नाही.

आषाढात त्यांना दुसरा झटका आला. दहावा नाशिकलाच केला, गंगेवर, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. त्यांच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सुनेला विचारलं, या कोण. "नाशिकच्या शेजारीण आहेत बाबांच्या, फार केलं त्यांनी," सून म्हणाली, आणि म्हाताऱ्या बाईंनी मला नमस्कार केला. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यांनी तेच धरलं.